१८९२ ची रेघ

कोणता सरकारी कागद जपावा आणि कोणता नष्ट करावा, हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. ११ मार्च १८९१ रोजी कोलकात्यात ‘इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ स्थापन झाले. तेच आजचे नवी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागार. पुढे १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने १८९२ पूर्वीचा कागद, तो जीर्ण होऊन पूर्ण निरुपयोगी ठरल्याखेरीज, नष्ट करण्यास मनाई केली. येथे मजकुराचे मोल करावयाचे नाही, केवळ साल पाहावयाचे. हा स्वयंचलित नियमच होय. मात्र तो जपण्याच्या बाजूचा आहे. नंतरच्या नस्त्यांची वर्गवारी होते: ‘ए’ व ‘बी’ कायमच्या, ‘सी’ ठरावीक मुदतीच्या. तो वर्ग माणूस ठरवतो.

आता नस्त्या संगणकावर आल्या. कोणती नस्ती किती दिवसांत उघडली गेली नाही, हे यंत्र क्षणात सांगते आणि तिला स्वस्त, संथ साठ्यात हलवू शकते. त्यास माझी हरकत नाही. हलवलेली नस्ती परत आणता येते. परंतु न उघडलेली ती निरुपयोगी, हा निष्कर्ष घातक आहे. जमिनीच्या वादात पिढीभर कोणी न पाहिलेला कागदच कधी निर्णायक ठरतो. म्हणून यंत्राला हलवण्याचा अधिकार द्यावा. पुसण्याच्या आदेशाखाली मात्र जबाबदार माणसाची सही असावी.