कर्ज फेडताना उमेद कुठून येते? मार्क ट्वेनची पत्रं तारखेप्रमाणे वाचताना

विभागातली एक ज्युनियर सध्या पीएचडीचं प्रपोजल लिहितेय. परवा चहा घेताना तिने विचारलं, "ताई, एखाद्याने काय केलं हे कागदपत्रांत सापडतं. पण ते करत राहायची उमेद त्याला कुठून मिळाली, हे कसं शोधायचं?" प्रश्न चांगला होता आणि मला जरा लागलाही, कारण गेलं दीड वर्ष मी हाच प्रश्न स्वतःला विचारत होते, तोही क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटकडे बघत.

फेलोशिपचे पैसे काही महिने अडकले. तेवढ्या काळात खोलीभाडं, अर्काइव्हच्या फेऱ्या, झेरॉक्स, लॅपटॉपची दुरुस्ती असं सगळं कार्डावर गेलं. थकबाकी एक लाखाच्या वर गेली तेव्हा मी पहिल्यांदा नीट हिशोब मांडला. एक लाखावर महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये. मिनिमम ड्यू पाच टक्के धरला तर भरायचे ५,०००. म्हणजे पाच हजार भरून मुद्दल कमी होणार फक्त ८७० रुपयांनी! हा आकडा पाहिल्यावर दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. 'कर्ज आहे म्हणून जोमाने काम कर' असं घरचे सांगत होते. माझं नेमकं उलटं होत होतं.

त्या दिवसांत मी मार्क ट्वेनची पत्रं वाचत होते. त्याची गोष्ट आपण सगळ्यांनी थोडीफार ऐकलेली असते: मोठा लेखक, दिवाळं निघालं, जगभर व्याख्यानं दिली, पै न् पै फेडली. गोष्ट खरी आहे. फक्त ती सांगताना 'इज्जतीसाठी केलं' एवढ्यावर उमेदीचा प्रश्न मिटवला जातो. पत्रं तारखेप्रमाणे लावली की वेगळं काहीतरी दिसतं.

कर्ज झालं कसं

सॅम्युअल क्लेमेन्स म्हणजेच मार्क ट्वेनने १८८४ मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, चार्ल्स एल. वेबस्टर अँड कंपनी. सुरुवात जोरदार झाली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आठवणी त्यांनी छापल्या आणि ग्रँट यांच्या पत्नीला मानधनाचा पहिलाच चेक दोन लाख डॉलरचा दिला. पुढे संस्थेने अमेरिकन साहित्याचा अकरा खंडांचा संग्रह काढला. तो हप्त्यांवर विकला जायचा. छपाई, बांधणी आणि एजंटचं कमिशन आधी द्यायचं आणि गिऱ्हाइकाकडून पैसे महिन्यामहिन्याने यायचे. त्यामुळे विक्री वाढली तशी रोकड आटत गेली. म्हणजे दुसऱ्यांना उधारीवर माल देता देता संस्था स्वतः कर्जात गेली.

त्यात दुसरं भोक होतं. अक्षरजुळणीच्या एका यंत्रात ट्वेन वर्षानुवर्षं पैसे ओतत होता. पेजचं हे यंत्र सुमारे १८,००० सुट्या भागांचं होतं. चालायचं तेव्हा अप्रतिम, पण ते सतत बंद पडायचं. तोवर लायनोटाइपने बाजार घेतला. १८९३ मध्ये अमेरिकेत आर्थिक मंदी आली आणि एप्रिल १८९४ मध्ये प्रकाशनसंस्थेचं दिवाळं निघालं. बाहेरच्या सावकारांचं देणं ऐंशी हजार डॉलरच्या आसपास होतं आणि देणेकऱ्यांची यादी शंभराच्या घरात होती. शिवाय पत्नी लिव्हीने माहेरच्या पैशातून दिलेलं कर्ज वेगळंच.

पहिला पुरावा: मुलाखत

जुलै १८९५ मध्ये ट्वेन व्याख्यानांच्या दौऱ्यावर निघाला. वय साठीला आलेलं, पायाला गळू झालेलं. ऑगस्टमध्ये, अमेरिकेचा किनारा सोडण्याआधी, त्याने वर्तमानपत्रातून जाहीर केलं की कायद्याने आपण काही टक्के देऊन मोकळे होऊ शकतो, पण इज्जत कायद्यापेक्षा कडक आहे, म्हणून पूर्ण रक्कम फेडणार.

बहुतेक चरित्रं या निवेदनावर उभी आहेत. पण सोर्स वाचताना आपण पहिला प्रश्न काय विचारतो? हे कुणाला सांगितलंय? हे निवेदन दौऱ्याच्या सुरुवातीला तिकीट काढणाऱ्या जनतेला सांगितलेलं आहे. वर्तमानपत्रांनी लगेच त्याची तुलना सर वॉल्टर स्कॉटशी केली. स्कॉटही १८२६ मध्ये बुडाला होता आणि सहा वर्षं लिहून कर्ज फेडत राहिला. १८३२ मध्ये तो वारला, उरलेलं कर्ज त्याच्या मागे पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं. म्हणजे 'इज्जतदार कर्जदार लेखक' हा साचा आधीपासून तयार होता आणि ट्वेन त्यात नेमका बसला. याचा अर्थ तो खोटं बोलत होता असा नाही. मुलाखतीवरून त्याला आपण कसं दिसावंसं वाटत होतं ते कळतं. पुढची अडीच वर्षं तो कशावर तगला ते मात्र तिच्यातून कळत नाही.

त्या निवेदनात दोन माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. एक लिव्ही. तिला हे दिवाळं म्हणजे बेअब्रू वाटत होती आणि पूर्ण फेडीचा आग्रह तिचा होता. दुसरा हेन्री रॉजर्स, स्टँडर्ड ऑइलचा बडा अधिकारी. पुस्तकांचे हक्क लिव्हीच्या नावावर करून त्याने ते सावकारांपासून वाचवले, सावकारांशी बोलणी केली आणि ट्वेन पाठवेल ते पैसे सांभाळले, गुंतवले. एकट्याच्या जिद्दीची म्हणून सांगितलेली ही गोष्ट खरं तर तिघांची आहे.

दुसरा पुरावा: दौरा आणि त्यानंतर

दौऱ्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, श्रीलंका, भारत, दक्षिण आफ्रिका असे देश झाले. साठावा वाढदिवस न्यूझीलंडमध्ये गेला. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत उतरला, काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात. सुरुवातीचे दिवस खोकल्याने अंथरुणात गेले. मग नॉव्हेल्टी थिएटरात व्याख्यानं झाली, पुढे पुणे, बडोदा करत तो कलकत्त्यापर्यंत गेला. या प्रवासाबद्दल त्याने लिहिलेलं वाचताना कर्जबाजारी माणूस सापडत नाही. मुंबईच्या कावळ्यांवर तो रंगून लिहितो. इथवर 'कर्ज हीच प्रेरणा' ही गोष्ट चालते: रोज नवं गाव, रोज टाळ्या, रोज थोडी कमाई.

दौरा जुलै १८९६ मध्ये संपला. ऑगस्टमध्ये थोरली मुलगी सुझी अमेरिकेत मेनिंजायटिसने गेली, वय अवघं चोवीस. आईवडील तिच्याजवळ नव्हते. त्यानंतरचं वर्ष ट्वेनने लंडनमध्ये प्रवासाचं पुस्तक लिहिण्यात काढलं. टाळ्या नव्हत्या, लोक नव्हते, समोर फक्त पानं. जून १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने त्याच्या कर्जासाठी जाहीर निधी सुरू केला, तेव्हा आधी त्याने होकार दिला आणि मग घरच्यांच्या विरोधामुळे तो थांबवायला सांगितलं. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. इज्जतीची ती जाहीर भाषा दोन वर्षांत किती थकली होती, ते यात दिसतं.

तिसरा पुरावा: व्हिएन्नाची पत्रं

१८९७ च्या शरद ऋतूत कुटुंब व्हिएन्नाला गेलं. तोवर रॉजर्सकडे बऱ्यापैकी रक्कम साठली होती, पण मोठी फेड सुरू झाली नव्हती. नोव्हेंबरमध्ये ट्वेनने रॉजर्सला लिहिलं की आता फेडायला सुरुवात करूया, हे ओझं आणखी सहन होत नाही, त्यामुळे मी कामाला पूर्ण निकामी होतोय.

इथे थांबा आणि हे वाक्य ऑगस्ट १८९५ च्या निवेदनाशेजारी ठेवा. ज्या कर्जामुळे तो कामाला लागला असं आपण म्हणतो, त्याच कर्जामुळे काम होत नाही असं तो स्वतः सांगतोय. आणि हे वर्तमानपत्राला सांगितलेलं नाही. त्याचा पै-पैचा हिशोब ज्याला ठाऊक आहे अशा मित्राला सांगितलंय, ज्याच्यापुढे ऐट दाखवून काही मिळणार नव्हतं.

फेड सुरू झाली आणि पत्रांचा सूर बदलला. पैसे घेण्यापेक्षा देण्यात जास्त आनंद मिळतोय, असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय, असं तो लिहितो. जानेवारी १८९८ मध्ये लेखकमित्र हॉवेल्सला कळवतो की फेड सुरू झाल्यापासून मन शांत आहे, काम पुन्हा काम वाटत नाही, आणि लिव्हीला तर यात अपार आनंद मिळतोय. पैसे मिळालेल्या सावकारांची आभाराची पत्रं रॉजर्सने पुढे पाठवली. ती लिव्हीने पुन्हापुन्हा वाचली. सुझी गेल्यानंतरचा हा एकच आनंदाचा दिवस, असं ती म्हणाल्याचं ट्वेन लिहितो. १८९८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत सगळं देणं फिटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: त्याला पुरेशी उमेद आली आणि मग त्याने कर्ज फेडलं, असा क्रम पत्रांत दिसत नाही. फेड सुरू झाली, यादीतली नावं एकेक करून कटू लागली, आणि मग उमेद परत आली.

पण इथे सावध राहा

परीक्षक लगेच विचारतील: कशावरून? नोव्हेंबर १८९७ मध्येच त्याचं प्रवासाचं पुस्तक प्रसिद्ध झालं. मुलीच्या मृत्यूला वर्ष उलटून गेलं होतं. शहर नवं होतं. मन हलकं व्हायला ही कारणंही असतील. हे आक्षेप रास्त आहेत आणि ते प्रबंधात आपण स्वतःच मांडायचे असतात. माझा दावा टिकतो तो एवढ्याचमुळे की हा संबंध ट्वेन स्वतः जोडतो, दोन वेगवेगळ्या मित्रांना, आणि दोन्ही पत्रांत कारण एकच देतो. 'हे एकमेव कारण' असं मी लिहिणार नाही. 'त्याच्या मते हे कारण' असं लिहीन. प्रपोजलमध्ये हा फरक जपलात तर अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

आजच्या कर्जदारांवरच्या अभ्यासातही याच्याशी जुळणारं काही सापडतं. २०१२ मध्ये गॅल आणि मॅकशेन या संशोधकांनी दाखवलं की अनेक खाती थकलेल्या लोकांपैकी कोण शेवटी कर्जमुक्त होईल, हे फेडलेल्या रकमेच्या प्रमाणापेक्षा बंद झालेल्या खात्यांच्या प्रमाणावरून जास्त चांगलं सांगता येतं. हिशोबाने मात्र सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडणंच स्वस्त पडतं, आणि लहान खात्यांच्या मागे लागून लोक जास्त व्याज भरत बसतात, असं दाखवणारा अभ्यासही २०११ चाच आहे. दोन्ही खरे आहेत. एक पैशाचा हिशोब सांगतो, दुसरा माणूस वाटेत सोडून देईल की नाही ते सांगतो.

माझ्याकडे दोन कार्डं होती. व्याजदर जवळपास सारखेच असल्याने मी लहान थकबाकीचं कार्ड आधी संपवलं आणि बंद केलं. मोठ्याची थकबाकी बँकेशी बोलून कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांत बदलून घेतली. रॉजर्सच्या जागी माझी बहीण आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला मी तिला उरलेला आकडा कळवते आणि ती फक्त "बरं" म्हणते. अजून नऊ हप्ते बाकी आहेत. पहिलं कार्ड बंद झालं त्या आठवड्यात तिसऱ्या प्रकरणाची अकरा पानं लिहून झाली. त्याआधीच्या दोन महिन्यांत चार झाली होती. हा पुरावा नाही, एका माणसाची नोंद आहे. पण नोंदवहीत तारीख घालून लिहून ठेवली आहे.

ज्युनियरला मी शेवटी हेच सांगितलं: उमेद शोधायची तर माणसाचं सगळ्यांत गाजलेलं वाक्य बाजूला ठेव. त्याने ते कुणाला, कधी सांगितलं ते बघ. मग सगळे कागद तारखेप्रमाणे लाव आणि सूर कुठे बदलतो ते शोध. त्या बदलाच्या आधीच्या आठवड्यात त्याने नेमकं काय केलं, तिथून तुझं प्रकरण सुरू कर.