नवी जीप आणि पुढची सीट

गेल्या महिन्यात आमच्या दारात महिंद्राची थार आली. हौस मुलाची, पण कागद त्याने माझ्या नावावर केले. म्हणजे पंच्याहत्तरीत मी जीपचा मालक झालो! (हिला जीप म्हणायचे नाही असे मुलगा सांगतो. पण आमच्या पिढीला दुसरा शब्द सुचत नाही.) नातेवाइकांचे फोन येताहेत, "कशी आहे गाडी?" म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहितो.

गाडी उंच आहे. आमच्या सौ.ना चढताना हात द्यावा लागतो. मागे बसायचे तर पुढची सीट सरकवून, अंग चोरून आत शिरावे लागते, ते आता आमच्याच्याने होत नाही. तिचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर आहे आणि दोन फूट पाण्यातूनही ती जाते म्हणतात. गिअरच्या शेजारी आणखी एक दांडा आहे. तो टाकला की चारही चाकांना ताकद मिळते. हा दुसरा दांडा पाहिला आणि मी थेट जुन्या काळात गेलो.

आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा थोडा इतिहास आलाच. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती आणि नमुना द्यायला मुदत होती अवघी ४९ दिवसांची. बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने ती पाळली. पण मोठी कामे विलिस आणि फोर्ड यांना मिळाली. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. त्या विलिस जीपचे इंजिन २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. आमच्या गाडीचे डिझेल इंजिनही २.२ लिटरचेच, पण ताकद १३० ची!

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीपा जोडल्या जाऊ लागल्या. आत्ताची थार विक्रीला आली तीही २ ऑक्टोबरलाच, २०२० साली.

पण ही झाली कारखान्याची गोष्ट. खेड्यातल्या माणसाला जीप म्हणजे सरकार. लांबून धुरळा दिसला की पोरे धावायची आणि पारावरची माणसे उठून उभी राहायची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका जीपचा आवाज आला की पदर सावरून हात जोरात चालवू लागत. नंतर वडापच्या जीपा आल्या, दहा जणांच्या जागी वीस बसू लागले, तेव्हा कुठे जीप लोकांची झाली.

मी १९७६ साली माण तालुक्यातल्या एका शाळेवर होतो. आणीबाणी चालू होती. कुटुंबनियोजनाच्या 'केसेस' आणायचे आकडे आम्हा मास्तरांनाही वाटून दिले होते, आणि आकडा भरला नाही तर पगार अडेल असे बजावले होते. त्या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीचे विधेयकही महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही एवढेच.

एके दिवशी सकाळी शाळेपुढे जीप थांबली. साहेब म्हणाले, "गुरुजी, पुढं बसा, घरं दाखवा." मी बसलो. खरे सांगायचे तर पहिल्यांदा जीपच्या पुढच्या सीटवर बसल्याचा मला आनंदच झाला होता. आवाज ऐकून माणसे जोंधळ्यात पळाली. एक जण मात्र दारातच सापडले. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. घर मीच दाखवले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी शाळेत आली नाही. पुढेही कधी आली नाही.

गेल्या रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, कुठं जायचं?" मी त्या गावाचे नाव सांगितले. फलटण सोडून मोगराळे घाट चढलो. तो दुसरा दांडा टाकायची वेळच आली नाही, थेट पारापर्यंत डांबरी रस्ता झाला आहे. आम्ही थांबलो तशी पारावरची दोन म्हातारी माणसे उठून उभी राहिली. मी घाईने उतरू लागलो आणि पाय लटपटला, त्यातल्याच एकाने हात दिला. "कुठलं सायेब म्हणायचं?" म्हणाले. मी म्हटले, "साहेब नाही हो, इथं मास्तर होतो."

गाडी तिथेच ठेवून त्या घरापर्यंत चालत गेलो. ते जाऊन वीस-बावीस वर्षे झाली. सुनेने पाणी दिले, चहा केला. त्यांची मुलगी विट्याकडे दिली आहे, नातवंडे आहेत, असे ती म्हणाली. मी कोण ते सांगितले. का आलो ते मात्र सांगू शकलो नाही.

पुढे तीस वर्षे मी आणीबाणी शिकवली. तारखा, कलमे, १९७७ च्या निवडणुकीचा निकाल, सगळे नीट शिकवले. पण जीप कुणाच्या दारात थांबली आणि तिच्या पुढच्या सीटवर कोण बसले होते, हे कोणत्याही वर्गाला सांगितले नाही. ते आज इथे लिहून ठेवतो आहे. एकदा विट्याला जायचे आहे.

असो. गाडी चांगली आहे.