व्हिन्क्रिस्टीनजन्य मज्जाविकार

रक्ताच्या कर्करोगावर, विशेषतः बालकांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर, १९६३ पासून प्रचारात असलेल्या व्हिन्क्रिस्टीन या औषधाने मज्जातंतूंना पोहोचणारी इजा. सदाफुलीपासून निघणारे हे अल्कलॉइड कर्कपेशींतील सूक्ष्मनलिकांची बांधणी रोखून त्यांचे विभाजन थांबविते. परंतु अशाच सूक्ष्मनलिकांच्या वाटेने मज्जापेशीतील द्रव्ये तंतूच्या टोकापर्यंत जात असल्यामुळे, जो तंतू सर्वांत लांब त्याला झळ आधी लागते. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया लोपते, पायांना मुंग्या येतात, चप्पल नकळत निसटते, पुढे पाऊल लटके पडते. याच इजेतून होणारा मलावरोध मात्र पुष्कळदा आहाराच्या खाती जमा होतो.

हानी टाळणारे खात्रीचे औषध अद्याप हाती नाही. ग्लुटामिक आम्लाचा बालरुग्णांवरील प्रयोग निष्फळ ठरला; ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात खऱ्या, पण मूळची कमतरता भरून काढण्यापलीकडे त्यांची उपयुक्तता सिद्ध नाही. म्हणून भिस्त दक्षतेवर: मात्रा शरीरपृष्ठाच्या चौरस मीटरला सामान्यतः १.५ मिलिग्रॅम व एकूण २ मिलिग्रॅमच्या आत राखणे, कावीळ असल्यास ती घटविणे, घराण्यात शार्को-मारी-टूथ हा आनुवंशिक मज्जातंतुविकार आहे काय याची चौकशी करणे, आणि दर इंजेक्शनापूर्वी मुलाला टाचांवर चालवून पाहणे.

छत्रपती संभाजीनगरात २०१२ साली सुरू झालेल्या, घाटीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न अशा शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याच्या दूरदूरच्या गावांतून रुग्ण येतात. दोन मात्रांमधील दिवस गावी गेले, आणि तेथे नायट्यासाठी दुकानातून इट्राकोनॅझोलची गोळी घेतली, तर ती यकृतातील विघटन मंदावून व्हिन्क्रिस्टीनची विषारी बाधा वाढविते. क्षयावरील आयसोनियाझिड स्वतःच मज्जातंतूंना बाधक आहे. तेव्हा केसपेपरावर घरच्या सर्व गोळ्यांची नोंद असणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, कोणत्याही टॉनिकाहून मोलाचे.

पाऊल लटके पडल्यास मात्रा कमी करणे वा थोपविणे, आधारपट्टी आणि व्यायाम हे उपाय. औषध थांबल्यावर बहुतेकांत सुधारणा होते, मात्र तिला महिने लागतात. किरकोळ मुंग्यांसाठी मात्रा कापणे आततायीपणाचे, कारण रोग उलटण्याचे भय त्याहून मोठे. हे औषध चुकून पाठीच्या मणक्यात टोचले गेल्यास बहुधा प्राणघातक ठरते, यास्तव ते सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीतून शिरेत द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये बजावले.

हानी टाळण्याच्या दृष्टीने, मज्जापेशीत व्हिन्क्रिस्टीनचा शिरकाव घडविणाऱ्या वाहक प्रथिनाला निलोटिनिब या औषधाने अडविता येते, असे अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना उंदरांमध्ये आढळले आहे.