चौदा गावचं पाणी

अमेरिकी बेसबॉलच्या बातम्यांत 'जर्नीमन' हा शब्द सारखा भेटतो. कानाला 'जर्नी' ऐकू येते आणि आपण अर्थ लावून मोकळे होतो: आज या संघात, उद्या त्या संघात, असा फिरस्ता खेळाडू. आज शब्द वापरला जातो तो याच अर्थाने. पण त्याचं कूळ शोधायला गेलं तर प्रवासाऐवजी दिवस हाती लागतो. फ्रेंचमध्ये 'जूर' म्हणजे दिवस, त्यावरून 'जूर्ने' म्हणजे दिवसभराचं काम किंवा दिवसभराची वाट. इंग्रजीने दोन्ही अर्थ उचलले. वाटेचा अर्थ 'जर्नी'च्या वाट्याला आला, कामाचा 'जर्नीमन'च्या. पंधराव्या शतकापासून इंग्लंडात जर्नीमन म्हणजे उमेदवारी संपवलेला, हाताला वळण लागलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला कारागीर. सुतार असो की शिंपी, दुसऱ्याच्या दुकानात तो दिवसाच्या मजुरीवर राबायचा. मराठीत त्याला एकच शब्द पुरे: रोजंदार.

बेसबॉलमध्ये फिरस्ते आले तेव्हा त्यांना नाव मात्र वेगळं होतं. 1869 साली सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला संघ मैदानात उतरला. त्याआधीही टेबलाखालून पैसे फिरत होतेच आणि पैशांमागे खेळाडू. जो जास्त देईल त्याच्याकडे उडी मारणाऱ्यांना 'रिव्हॉल्व्हर' म्हणत. पिस्तुलाशी संबंध नाही, गरगर फिरणारा एवढाच अर्थ. हा पहिला फिरस्ता स्वतःच्या मर्जीने फिरत होता आणि क्लबमालकांना नेमकं तेच खुपत होतं. 1876 साली नॅशनल लीग उभी राहिली. 1879 च्या सप्टेंबरात बफेलोच्या बैठकीत मालकांनी आपसांत ठरवलं की प्रत्येक क्लबने पाच खेळाडू राखून ठेवायचे, त्यांना इतरांनी हात लावायचा नाही. पगार आपोआप आवाक्यात राहणार होते. काही वर्षांत पाचाचे सगळेच झाले. हाच तो 'रिझर्व्ह क्लॉज'. करार एका वर्षाचा, पण राखण्याचा हक्क दरसाल नवा होणारा. खेळाडूला क्लब सोडता येईना. क्लबला मात्र तो विकता येई, दुसऱ्याच्या बदल्यात देता येई.

फिरणं थांबलं नाही, फिरवणारा हात बदलला. 30 मे 1922 रोजी शिकागो कब्ज आणि सेंट लुइस कार्डिनल्स यांच्यात एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला सामना संपला आणि कब्जचा मॅक्स फ्लॅक कार्डिनल्सला, कार्डिनल्सचा क्लिफ हीथकोट कब्जला देऊन झाला. दुसऱ्या सामन्यात दोघंही सकाळच्या प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूने खेळले. 1962 चा किस्सा याहून अजब. क्लीव्हलंडने हॅरी चिटी हा कॅचर न्यूयॉर्क मेट्सला दिला, बदल्यातल्या खेळाडूचं नाव नंतर कळवायचं होतं. नाव कळलं ते हॅरी चिटी. स्वतःच्याच बदल्यात तो परत गेला.

हा व्यवहार एका खेळाडूने अडवायचं ठरवलं. कर्ट फ्लड बारा हंगाम सेंट लुइसमध्ये खेळला होता. 1969 च्या शेवटी त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा 24 डिसेंबरला त्याने कमिशनर बोवी कून यांना पत्र धाडलं. मी काही खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असा त्याचा आशय होता. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1972 मध्ये तो 5 विरुद्ध 3 अशा मतांनी हरला. तोवर त्याचं खेळणंही संपलं होतं. पण वाट पडली. 23 डिसेंबर 1975 रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनली या दोन पिचरांच्या बाजूने कौल दिला: राखण्याचा हक्क एकच वर्ष चालेल, जन्मभर नाही. मालकांनी साइट्झ यांना लगेच नारळ दिला, पण निकाल टिकला. सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू मोकळा, असा नियम पुढे बसला.

मोकळीक आली खरी, पण करार चालू असताना सौदा करण्याचा हक्क क्लबकडेच राहिला. 4 ऑगस्ट 1982. मेट्सचा जोएल यंगब्लड दुपारी शिकागोत खेळत होता. तिसऱ्या इनिंगमध्ये त्याने फर्ग्युसन जेंकिन्सला हिट मारली, दोन धावा आल्या, आणि थोड्याच वेळात त्याला बाहेर बोलावून सांगितलं गेलं की तू आता मॉन्ट्रियल एक्सपोजचा. एक्सपोज त्या रात्री फिलाडेल्फियात खेळणार होते. तो निघाला. वाटेत आठवलं की ग्लव्ह मैदानातच राहिला. परत फिरून तो घेतला, विमान गाठलं आणि सामना चालू असताना पोहोचला. बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने स्टीव्ह कार्ल्टनला हिट मारली. एका दिवसात दोन शहरांत, दोन संघांकडून हिट. तीही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्या दोन पिचरांना. रोजंदाराचा एवढा भरलेला रोज दुसरा नसेल.

बाहेर पडायचं दार उघडल्यावर बड्यांना लांबलचक करार मिळाले. मधल्या फळीच्या खेळाडूच्या हाती मात्र बहुधा एकेका वर्षाचा कागद आला. एडविन जॅक्सन हा त्यातला अस्सल नमुना. अमेरिकी सैनिकाचा मुलगा, जन्म पश्चिम जर्मनीतल्या नॉय-उल्मचा. 2003 साली आपल्या विसाव्या वाढदिवशी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून तो पहिला सामना खेळला, समोर रँडी जॉन्सन असताना जिंकलाही. 2010 साली अ‍ॅरिझोनाकडून 149 चेंडू टाकून, आठ जणांना फुकट बेसवर पाठवूनही, त्याने एकही हिट दिली नाही. 27 जुलै 2011 या एकाच दिवशी शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला टोरंटोला दिलं आणि टोरंटोने सेंट लुइसला. त्याच वर्षी सेंट लुइसने वर्ल्ड सिरीज जिंकली. टोरंटोचा गणवेश अंगावर चढला तो थेट 2019 मध्ये, आणि तो त्याचा चौदावा संघ ठरला. तोवर इतक्या संघांकडून कोणी खेळलं नव्हतं. 2025 मध्ये पंचेचाळिशीतल्या रिच हिलने त्याच्याशी बरोबरी केली. आपल्याकडे मुरलेल्या माणसाला बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणतात. जॅक्सन दोन गावं पुढे.

त्याच्या खात्यात 107 विजय आणि 133 पराभव आहेत. मग चौदा क्लबांनी त्याला बोलावलं का? बेसबॉलचा हंगाम 162 सामन्यांचा. कोणाचा तरी खांदा दुखावतो, कोणाची कोपराची शस्त्रक्रिया होते, आणि उद्याच्या सामन्याला पाच-सहा इनिंग टाकणारा हात लागतो. तो हात ज्याला शिकवावं लागत नाही त्याचा हवा. कसब पुरेपूर, दुकान दुसऱ्याचं: जुन्या जर्नीमनची व्याख्या इथे तंतोतंत बसते.

आणि हिशोबसुद्धा जुन्याच मापाने होतो. मेजर लीगमध्ये सेवा दिवसांत मोजतात. 172 दिवस भरले की एक वर्ष धरतात. 43 दिवस झाले की पेन्शनचा हक्क लागतो. हंगामाच्या मध्यात बोलावलेल्याला पगारही जितके दिवस तितकाच. एका दिवसाची किंमत काय असते ते 2015 मध्ये दिसलं. शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट या उगवत्या ताऱ्याला हंगाम सुरू झाल्यावर थोडं थांबवून बोलावलं, त्याचे 171 दिवस भरले आणि त्याची मोकळीक वर्षभर लांबली. तक्रार केली, तीही 2020 मध्ये फेटाळली गेली.

ताऱ्याचा असो वा रोजंदाराचा, हजेरीपट एकच. फ्रेंच 'जूर' पाचशे वर्षं इंग्रजीत राहून त्याच्या रकान्यांत येऊन बसला आहे.