दापोडीचे बागवान आणि काळ्या पाषाणावरील फुलें

भंडाऱ्याजवळील शहापुराहून पश्चिमेस नागपुराकडे निघालेल्या प्रवाशाच्या पायाखालची भूमि वाटेंतच पालटते. भंडाऱ्याकडील प्राचीन स्फटिकमय खडक मागें पडतो आणि नागपुरांत सीताबर्डीच्या टेकडीवर काळा पाषाण प्रथम दृष्टीस पडतो. येथून थेट सह्याद्रीपर्यंत याच पाषाणाचें राज्य आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीला पडलेल्या भेगांतून शिलारस उसळला, थरावर थर सांचले, आणि आज सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनीं व्यापिला आहे. डोंगरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात त्या याच थरांमुळें. उत्तरेकडील आइसलंड बेटहि अशाच शिलारसाचें. तेथील फुलें बर्फ वितळून उन्हाळा येण्याची वाट पाहतात. आपल्याकडील फुलें मृगाच्या सरींची वाट पाहतात, एवढाच काय तो भेद.

या काळ्या पाषाणावरील फुलांचा शोध घेत जे फिरले, त्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. त्यांचा जन्म इ. स. १८०० मध्यें स्कॉटलंडांत झाला. पेशानें ते कंपनी सरकारचे वैद्य. देवी काढण्याच्या कामावर दख्खन आणि खानदेश या भागांत हिंडतां हिंडतां त्यांची नजर रोग्यांप्रमाणेंच रोपांकडेहि वळली असल्यास नवल नाहीं. पुण्याजवळ पवनेच्या कांठीं दापोडी येथें कॅप्टन फोर्ड यांचा बंगला होता. तो गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२८ सालीं सरकारासाठीं विकत घेतला व त्याच्या आवारांत वनस्पतींची बाग उभी राहिली. १८३८ सालीं ही बाग गिब्सन यांच्या हातीं आली. जुन्नरजवळ हिवरें येथेंहि त्यांच्या देखरेखीखालीं सरकारी बाग होती. तेथें सोनामुखीसारख्या औषधी वनस्पतींची लागवड होई. परदेशांतून महाग किंमतीनें येणारें औषध येथील मातींत पिकवावें, हा त्यामागील हेतु.

१८४७ सालीं मुंबई इलाख्याच्या जंगलांची देखरेखहि त्यांच्याकडे आली आणि बागवानाच्या फेऱ्या घाटमाथा व कोंकण यांपर्यंत पोंचल्या. तेथें त्यांना जें दिसलें तें सुखावह नव्हतें. डोंगर उघडे पडत होते, झरे आटत होते, वाहून आलेल्या मातीनें खाड्या भरत होत्या. झाड गेलें कीं पाणी जातें, ही गोष्ट त्यांनीं सरकारच्या कानांवर घातली. परंतु या कथेला दुसरीहि बाजू आहे. सरकारला सागवान हवा होता तो जहाजांसाठीं. आणि डोंगरउतारावर कुमरी करून पोट भरणाऱ्या लोकांवर निर्बंधांचा भार पडला. जंगल राखणें इष्ट होतें. पण तें कोणासाठीं राखावयाचें आणि त्याची किंमत कोणीं द्यावयाची, हा प्रश्न तेव्हांपासून सुटलेला नाहीं.

याच काळांत, १८४७ ते १८५० या वर्षांत, दापोडीच्या बागेंतील वनस्पतींचीं १७० हून अधिक रंगीत चित्रें काढविण्यांत आलीं. तीं आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पति-उद्यानांत जतन केलेलीं आहेत. पान, पाकळी, केसर सारें कांहीं हुबेहूब. मात्र तीं काढणाऱ्या हिंदी कलावंताचें नांव चित्रांवर नाहीं. साहेबाचें नांव ग्रंथांत राहिलें. ज्यानें डोळे शिणवून रंग भरले, त्याची सही नाहीं. इतिहासांत असें पुष्कळदां घडतें.

१८६१ सालीं गिब्सन आणि निकल डाल्झेल या दोघांनीं मिळून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६५ सालीं डाल्झेल यांनीं जुन्नरकडील डोंगरांतील एका झुडपाचें वर्णन छापलें आणि त्यास गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नांवावरून ‘फ्रेरिया इंडिका’ असें नांव दिलें. आपल्याकडे तिला शिंदळ मांकुडी म्हणतात. मांसल खोड, पावसाळ्यांत पानें, उन्हाळ्यांत नुसतीच कांडी, आणि चांदणीसारखें किरमिजी फूल! शिवनेरी, पुरंदर यांसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर, जेथें शेळीचें तोंडहि पोंचत नाहीं, तेथें ती तग धरून राहिली. ज्या कड्यांनीं स्वराज्य राखलें, त्यांनींच हें इवलेंसें झुडूपहि राखलें.

दापोडीची बाग १८६५ च्या सुमारास बंद झाली. १८७३ सालीं गणेशखिंडींत नवी बाग आली. गिब्सन १८६७ सालीं निवर्तले. परंतु साताऱ्याजवळील कास पठारावर अजूनहि श्रावण-भाद्रपदांत तेरडा, गेंद आणि सीतेचीं आसवें यांचे गालिचे पसरतात. २०१२ सालीं सह्याद्रीचा समावेश जागतिक वारशांत झाला, त्यांत कासहि आहे. आतां तेथें पाहणाऱ्यांची एवढी दाटी होते कीं येणाऱ्यांची संख्या मर्यादित करावी लागली. विस्तवांतून जन्मलेल्या खडकावर बोटभर माती सांचावयास युगें लागलीं. ती तुडविण्यास एक दुपार पुरते. तेव्हां फुलें पहावयास जाणाऱ्यानें पाऊल जपून टाकावें, हेंच त्या जुन्या बागवानांचें खरें स्मरण होय.