सुताराचा ओंडका

आमच्याकडच्या सुताराला टेबल ठाऊक नव्हतं. तो भुईवर बसायचा, लाकूड पायानं दाबून धरायचा आणि वाकसानं तासायचा. समोर निम्मा भुईत पुरलेला ओंडका, तोही चिंचेचाच. साग सरळ धाग्याचा, घावानं उभा चिरतो, शिवाय महाग. बाभूळ चिवट खरी, पण ती चाकाला, नांगराला हवी. घावाखाली कोण घालणार? चिंचेचे धागे एकमेकांत गुंतलेले, घाव पिऊन घेतात. खाटकाचा ठोकळाही म्हणूनच चिंचेचा.

1910 साली किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर गावोगाव पोचला. पुढं गाड्यांना रबरी टायर आले. लाकडी औतं गेली, तसं सुगीचं बलुतंही आटलं. सुतार तालुक्याला जाऊन दारं-खिडक्या करू लागला; तिथं त्याला उभ्यानं कामाचं टेबल लागलं. ओंडका मात्र छपराखाली तसाच पुरलेला राहिला.