प्रतिकारशक्तीचा ब्रेक कसा सापडला?

‘डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायला काहीतरी द्या,’ असं तुम्ही सहज म्हणता. पण तिला आवरणारं कुणी नसेल तर?

१९४९ साली अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत काही नर उंदरांची त्वचा खवल्यांसारखी होऊ लागली, प्लीहा सुजू लागली. ते काही आठवड्यांतच मरत. पुढे कळलं, की त्यांच्याच प्रतिकारपेशी त्यांच्या अवयवांवर हल्ला करत होत्या.

यामागचं बिघडलेलं जनुक मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधलं. त्याचं नाव फॉक्सपी३. त्यापासून बनणारं प्रथिन इतर जनुकांना चालू-बंद करतं. हेच जनुक बिघडलं, तर तान्ह्या मुलग्यांना आयपेक्स हा दुर्मीळ आजार होतो. त्यात मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि इसब दिसतात.

जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्येच प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी ओळखल्या होत्या. त्यांची जडणघडण फॉक्सपी३ करतं, हे २००३ मध्ये स्पष्ट झालं. या तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

म्हणून तुम्हाला आमवात किंवा सोरायसिस असेल, तर ‘इम्युनिटी बूस्टर’ घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. या आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिचा ब्रेक सैल झालेला असतो.